चांगुणाच्या कपाळावरची तुळस

ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या, चांगुणाच्या, कपाळावरची पट्टी सोडली. बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाले, "जखम कधीच भरली. हे केलॉइड आहे."

केलॉइड म्हणजे काय ते त्यांनीच समजावलं. कातडी फाटली की अंग नवी कातडी विणतं. कुणाकुणाच्या अंगाला ते विणणं थांबवता येत नाही. मग तिथे जाड, तांबडा, चकाकणारा वळ उठतो. खाजतो, जळजळतो. कापला तर आणखी मोठा होऊन परत येतो.

"बाई, आता इथे सुई लावू देऊ नका. अंगावर कुठेच लावू देऊ नका."

चांगुणा म्हणाली, "म्हंजे परत गोंदवाचा नाय?"

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं.

स्वराज्य आलं त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. आम्ही दिवा गावाकडचे, खाडीकाठच्या मिठागरात राबणारे. मुलगा शिकला, ठाण्याला कारकून झाला, बायकोही तिकडचीच केली. सुनेच्या माहेरी हळदीकुंकू होतं. तिथे कुणी बाई चांगुणाच्या कपाळाकडे बघून हसली. भुवयांच्या मधोमध तिच्या तुळस गोंदलेली होती, बोटभर उंच, वृंदावनासकट. लहानपणी गावात गोंदणारीण आली, तेव्हा तिने आणि तिच्या धाकट्या बहिणीने, भिमीने, एका खाटेवर बसून गोंदवून घेतलेलं. दोघींच्या कपाळी एकच तुळस.

घरी आल्यावर म्हणाली, "ह्यो काढून टाकू."

मी म्हटलं, "पन्नाशीला आलीस. आता कोनाला दाखवाचाय?"

"सुनंला लाज नको."

कल्याणात एका डॉक्टरच्या पाटीवर कातडीचा स्पेशालिस्ट असं लिहिलेलं. तो म्हणाला, "खूणसुद्धा राहणार नाही." तेजाब लावून, वर खरवडून त्याने तुळस काढली. वळ उठायला लागला तेव्हा म्हणाला, "तुम्ही आगरी लोक, मिठाचं पाणी लागलं असेल." पट्टी होती तोवर ती आगराच्या बांधावर फिरकलीही नव्हती. म्हणून तर आम्ही ठाण्याला गेलेलो.

त्यानंतर तिला एकच स्वप्न पडायला लागलं. पांढरं मिठागर, त्याला टोक नाही. मिठाच्या राशींमधून बायकांची रांग चाललीय. कुणाच्या अंगावर दागिना नाही, आवाज नाही. पलीकडच्या बांधावर कोणीतरी उभा. एकेकीचं कपाळ बघतो नि पुढे सोडतो. आमच्यात म्हणतात, मेल्यावर सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं. पदर वर करायची पाळी आली की चांगुणा जागी व्हायची.

"देवाचे दारान मना कोन वलखंल?"

तिने पदर नाकापर्यंत ओढला तो ओढलाच. घरात माझ्यासमोरही.

तेव्हा मी त्या कल्याणच्या डॉक्टरवर कोर्टात गेलो. दोष तिचा नाही हे ठरावं आणि तिचा पदर वर झालेला दिसावा, एवढंच. वकील म्हणाले, "भरपाई मिळू शकते. पण आधी कपाळ कसं होतं ते दाखवावं लागेल. फोटो आहे?" फोटो आमच्यात कोण काढतो. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं म्हातारी माणसं सांगायची.

तारखा पडत राहिल्या. कल्याणच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही भाकरीचं फडकं सोडून बसायचो. जाताना ठाकुर्लीच्या पावरहौसचा धूर दिसायचा. चांगुणा पदराच्या फटीतून बघायची. म्हणायची, "बग, कसा सपनान चालल्यासारका चाललाय."

उलटतपासणीला डॉक्टरचा वकील म्हणाला, "बाईचं लग्न झालंय. मुलाचंही झालंय. कपाळावर आधी एक डाग होता, आता दुसरा आहे. नुकसान काय झालं?"

मागे कोणीतरी हसलं.

"डाग तुजे तोंडाला," भिमी बोलली. ती सोबतीला म्हणून आलेली. शिपाई तिला बसवायला गेला, तर ती त्यालाच बाजूला सारून पुढे आली आणि डोईवरचा पदर मागे टाकला. "मोठे बायचा कपाल असाच व्हता. बगून घ्या."

जज्जसाहेबांनी चष्मा नीट केला. मग चांगुणाला म्हणाले, "बाई, तुम्हीही दाखवाल का?"

ती हलेना. मला वाटलं, आता खाली बसेल आणि सगळं संपेल. स्वप्नात ती इथेच जागी व्हायची.

तिने पदर वर केला.

दोघी बहिणी शेजारी उभ्या. एकीच्या कपाळी निळी तुळस, दुसरीच्या तांबडा वळ.

वकील म्हणाला, "काढायला तुम्हीच सांगितलंत ना?"

"मीच सांगितला. मी मोकली जागा मागितलेली. ह्यो नवता मागितला."

भरपाई मिळाली. वळ तसाच राहिला. पण त्या दिवशी स्टेशनापासून घरापर्यंत ती पदर केसांवर ठेवून चालली, खाडीचा वारा कपाळावर घेत. मी मागून चालत होतो. स्वप्न पुन्हा एकदाच पडलं, आणि त्यात ती जागी झाली नाही. बांधावरचा काय म्हणाला, ते विचारलं तर नुसती हसली.

ज्यांच्यावर असं येईल त्यांना सांगतो. पाटी बघून अंगाला हात लावू देऊ नका. घरात कुणाचा वळ वाढलेला असेल तर डॉक्टरला आधी सांगा. आणि झालंच काही, तर तोंड लपवू नका. ठाण्याच्या त्या डॉक्टरांनी खरं ते तोंडावर सांगितलं, त्यांचे उपकार आहेत. भिमीचे त्याहून जास्त.

चांगुणा तापाने गेली. आता ते मिठागर मला दिसतं. रांग दिसते, ती दिसत नाही.

परवा गोंदणारीण आली. मी भिमीला समोर बसवलं. तिच्या कपाळाकडे बघत बघत त्या बाईने माझ्या मनगटावर तुळस गोंदली.

"दुकतंय काय भावजी?" भिमीने विचारलं. "म्हातारपनी सोंगा."

दुखत होतं. बांधावरच्याने चांगुणाला अजून थांबवून ठेवलं असेल, तर मी हात पुढे करीन. सांगेन, हिचं सामान माझ्याकडे राहिलेलं, ते घेऊन आलोय.