लॅटिन वाचणारा इंजिनिअर

कतारमध्ये वर्ल्ड कपची तयारी चालली होती, तेव्हा अल थुमामा स्टेडियमच्या साइटवर एक जर्मन इंजिनिअर आमच्या केबिनमध्ये जेवायला यायचा. हेल्मेट उलटं ठेवून त्यात हातमोजे टाकायचा, सफरचंदाच्या पातळ फोडी करायचा आणि लॅटिन पुस्तक उघडायचा.

"हे कामाला लागतं?" मी एकदा विचारलं.

"कशालाच लागत नाही," तो हसला. "गिम्नाझियममध्ये नऊ वर्षं शिकलो, आता सुटत नाही."

गिम्नाझियम ही त्यांची विद्यापीठासाठी तयार करणारी शाळा. एके काळी तिथला सगळा अभ्यासच लॅटिन आणि ग्रीकभोवती फिरायचा. मी संस्कृत घेतलं ते मार्कांसाठी, आणि दहावीनंतर विसरलो. कशालाच न लागणारं शिकायला त्याला नऊ वर्षं मिळाली, याचा मला फार हेवा वाटायचा.

जेवताना रोज त्याचा फोन वाजायचा. पलीकडून कोणीतरी अरबीत 'चल लवकर' म्हणून ओरडायचं, "यल्ला, प्रोफेसर!"

"धाकटा भाऊ," तो म्हणाला. "गवंडी आहे. आमच्याकडे चौथीच्या बाईच सुचवतात, गिम्नाझियमला कोणी जायचं. त्याचं नाव आलं नाही. शाळेने आम्हाला वेगळं केलं, ते तो रोज फोन करून खोडून काढतो."

माझा धाकटा भाऊ त्याच वर्षी नाशिकला वारला होता, अचानक, तापाने. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकलो होतो.

त्याच्या भावाचं ऐकल्यानंतर लॅटिनचा मला हेवा वाटेनासा झाला. फोन वाजला की मात्र मी डबा उचलून बाहेर उन्हात जाऊन बसायचो.