टकटक मावशी

माझी मावशी तळ्याकाठच्या त्या जुन्या हॉटेलात एकतीस वर्षं खोल्या आवरायची. तिथे तिला सगळे ‘टकटक’ म्हणत. खोली रिकामी आहे हे पक्कं ठाऊक असलं, किल्ली हातात असली, तरी ती आधी दारावर तीनदा टकटक करायची, मनात दहापर्यंत मोजायची आणि मगच किल्ली लावायची. कामावर नव्या येणाऱ्या बायकांनाही तिने हेच शिकवलं. एकीने विचारलं होतं, “पाहुणे सकाळीच गेले ना, मग थांबायचं कुणासाठी?” मावशी म्हणाली, “बंद दाराआड कोण आहे, ते आपल्याला काय कळतं?”

घरी आल्यावरही तिचा हात ऐकत नसे. काका शिंपी होते, पुढच्या खोलीत दाराजवळच त्यांचं मशीन. दार दिवसभर नुसतं लोटलेलं असायचं. तरी ही बाहेर उभी राहून टकटक करायची आणि काका मान वर न करता ओरडायचे, “उद्या या. साहेब झोपलेत.” मग ही म्हणायची, “साहेबांना म्हणावं, चादर बदलायची आहे,” आणि आत यायची. हा विनोद इतका शिळा झाला होता की आम्हा भाचरांना त्याचा वीट आला होता. ती दोघं मात्र रोज तो ताजा असल्यासारखी हसायची.

तीन महिन्यांपूर्वी काका गेले, मशीनवर बसल्या बसल्या. एका कोटाची एकच बाही लावून झाली होती. चार दिवसांनी मावशीने तो कोट तसाच एका बाहीचा गिऱ्हाइकाला नेऊन दिला आणि घरी येऊन भांडी घासली. ती रडली नाही. त्यानंतर तिच्याकडे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ एवढेच शब्द उरले. शिवाय ती मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून ये-जा करायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, “पुढचं दार जाम झालंय.” मी जाऊन ढकललं, ते एका बोटाने उघडलं. मी तिला तसं सांगितलं नाही.

निवृत्त होताना हॉटेलने तिला एक कार्ड दिलं होतं. दोन माणसं, एक मुक्काम, तळ्याकडची खोली. काकांच्या हातात तेव्हा कोटांची घाई होती. ते म्हणाले, “हॉटेल काय पळून जातंय? शंभर वर्षं उभं आहे, अजून थोडं थांबेल.” हॉटेल थांबलं.

आता कार्डाची मुदत महिनाअखेर संपत होती. आईचा मला फोन आला. “तू घेऊन जा तिला. आणि हे बघ, तिला एकदा रडवून आण. बाकी काही नको.” उंटावरून शेळ्या हाकायला आईचं काय जातं! रडवायचं कसं, ते तिने सांगितलं नाही. पण भीती मलाही होतीच. मावशीचे कपडे तिच्या अंगावर लोंबायला लागले होते. काकांच्या मागोमाग हीसुद्धा अशीच, आवाज न करता जाईल, असं मला रोज वाटायचं.

आम्ही दुपारी पोचलो. पाहुणे जिन्याचे, आरशांचे फोटो काढत होते. ‘जुनं ते सोनं’ म्हणणारी ही माणसं, यांना आतल्या गोष्टी कुठे माहीत! जिन्याची नववी पायरी करकरते. एकदा सुताराने ती दुरुस्त केली, तर जुन्या पाहुण्यांनी तक्रार केली आणि मॅनेजरने ती पुन्हा ढिली करून घेतली. आरशांवरचे काळे डाग मावशीने नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत जीव तोडून घासले होते. ते डागच पाहायला लोक येतात, हे तिला नंतर कळलं. हे सगळं तिनेच आम्हाला हसत हसत सांगितलेलं. त्या दिवशी ती नवव्या पायरीवरून गेली, पायरी करकरली, आणि तिने खालीसुद्धा पाहिलं नाही.

खोलीत तिने पलंगावरच्या चादरीवरून हात फिरवला. “कोपरा सैल आहे,” म्हणाली. मी वाट पाहत राहिले. तिने तो कोपरा ओढून घेतला नाही, तशीच खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्याने मी जास्त घाबरले.

चहा व्हरांड्यात आला. वेताच्या खुर्च्या, समोर तळं. एकतीस वर्षं तिने ते पुसायच्या काचेतूनच पाहिलं होतं.

“कसं वाटतंय?”

“बरं.”

“काकांना आवडलं असतं ना?” मी मुद्दाम खडा टाकून पाहिला.

“हो,” ती म्हणाली आणि बिस्कीट चहात बुडवलं. ते विरघळून तळाशी गेलं. तिने तो चहा तसाच पिऊन टाकला. दगडाला पाझर फुटला असता, पण हिला नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी नाश्ता झाल्यावर ती खाली धुलाईघरात जुन्या मैत्रिणींना भेटायला गेली. मी दार लावून बॅग भरत होते. निघायला तासभर होता. काम फसलं, असं आईला कळवायचं ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. तीनदा, सारख्या अंतराने. ती मावशीच होती.

पुढचे शब्द मला पाठ होते. ओठांवर आले होते. पण ते माझे नव्हते, म्हणून मी तोंड मिटून घेतलं आणि मनात मोजायला लागले. दहा झाले. पंधरा झाले. पुन्हा टकटक नाही, हाक नाही. वीसला मी दार उघडलं.

ती हात तसाच वर धरून उभी होती.

“दहा झाले गं,” ती म्हणाली.

“मग ये ना आत.”

“कुणी काही बोललंच नाही.” तिचा हात खाली आला. “आत कसं जायचं?”

आणि ती रडायला लागली. तिथेच, उंबऱ्यावर, पाहुणे जात-येत असताना, मोठ्याने. तिला रडवायला आलेली मी, पण आता काय करावं ते मला सुचेना. मी तिला कसंबसं आत घेतलं, पलंगावर बसवलं, दार लोटलं. ती त्या सैल कोपऱ्यात तोंड खुपसून रडत राहिली. मीही रडले.

बराच वेळ गेला. खोली आवरायला बाई आली असावी. बाहेरून टकटक झाली, तीनदा, सारख्या अंतराने. ही टकटक त्या बाईला मावशीनेच शिकवलेली.

मी उठणार, तर मावशीने माझा दंड धरला. चादरीने नाक पुसलं. तिचा आवाज अगदी बसला होता.

“उद्या या,” ती म्हणाली. “साहेब झोपलेत.”

बाहेर बादलीची कडी वाजली. मग पावलं पुढच्या खोलीकडे गेली.