धाकटीचे पाय

ताई गेली त्या वर्षी वसंत सुरू झाल्यापासून मी दर रविवारी स्लाऊहून कॉव्हेंट्रीला जायचो, भाच्यांना फुटबॉल शिकवायला. हे ऐकून ऑफिसातले लोक म्हणायचे, वा, किती चांगला मामा! चांगला डोंबलाचा. मला शिकवता येत नाही. मी पटकन चिडतो, आवाज चढतो, आणि कॉलेजात मी लेफ्ट बॅक होतो, म्हणजे ज्याचं काय करायचं ते कुणाला कळत नाही त्याला जिथे उभं करतात तिथे. पण भाऊजींनी फोनवर विचारलं आणि माझ्या तोंडून नाही निघेना.

भाऊजी इथलेच, इंग्लंडातले, जन्मही इथला आणि शाळाही इथलीच. फोनवर मराठीत सुरुवात करतात आणि मध्येच इंग्लिशमध्ये घसरतात. त्यांनी सांगितलं, मोठीचं ठीक चाललंय. ती आठ वर्षांची, ती रडते, भांडते, दार आपटते. धाकटी पाचची, तिचं काही खरं नाही. शाळेत पीईला, म्हणजे खेळाच्या तासाला, भिंतीला टेकून खाली बसते, पाय पोटाशी घेऊन. शनिवारी ताई दोघींना पार्कात फुटबॉलला न्यायची, तेव्हा हीच सगळ्यात पुढे पळायची. आता तिला बूट घालून द्यायला कुणी वाकलं की पाय ओढून घेते आणि किंचाळते. जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरबाईने, दोन्ही पाय लांबूनच पाहिले, कारण ही हात लावू देईना. म्हणाली, काही दिसत नाही. टीचर म्हणाली, वेळ द्या. किती वेळ द्यायचा, असं भाऊजी मलाच विचारत होते. मला काय ठाऊक! माझी एकुलती एक बहीण गेली होती, माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. तरी गेलो. धाकटीने पुन्हा धावावं, बाकी मला कशात रस नव्हता.

मागच्या बागेत नुसता चिखल. पाऊस थांबला तरी चिखल थांबत नव्हता, आणि बॉल कुंपणापलीकडे गेला की शेजारचा म्हातारा तो तासभर परत द्यायचा नाही. म्हणून आम्ही फ्रंट रूममध्ये खेळायचो. सोफा भिंतीला सरकवायचा, टीपॉय जिन्याखाली, आणि कार्पेटवर उशा मांडून ठेवायच्या. बॉल फोमचा, म्हणजे खिडकी वाचावी. शिकवायचं काय, तर अगदी पहिलं पाऊल. येणारा बॉल तळव्याने दाबून थांबवायचा. ढकलायचा तो पायाच्या आतल्या बाजूने, बोटांनी नाही. उशांमधून नेताना बॉल पायापासून लांब जाऊ द्यायचा नाही.

मोठीला बोटांनीच मारायचा असायचा. धाडकन मारायची, बॉल रेडिएटरवर, तिथून माझ्या तोंडावर. मी ओरडायचो की आतली बाजू, आतली बाजू, किती वेळा सांगू! ती ओरडायची की आईने असंच शिकवलं होतं. आईने असं मुळीच शिकवलं नव्हतं. ताईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं; ती नुसती कडेला उभी राहून सगळ्यांच्याच गोलला टाळ्या वाजवायची. पण हे मोठीला कोणत्या तोंडाने सांगणार? मग मी बॉल पुन्हा मधे ठेवायचो.

धाकटी सोफ्याच्या कोपऱ्यात. पाय दुमडून त्यांच्यावर बसलेली, वर उशी. मी नाना तऱ्हा करून पाहिल्या. मुद्दाम पडून पाहिलं, बॉल तिच्याकडे लोळवून पाहिला, चॉकलेट दाखवलं. एका रविवारी तर तिच्यावर खेकसलोही, की ऊठ की गं आता, किती दिवस असं बसणार! ती बघत राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं. भाऊजी दारात चहाचा मग घेऊन उभे होते. ते आत निघून गेले. परत येताना मोटरवेवर मी रडत गाडी चालवली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे वऱ्हाडात मामाने भाचीच्या पाया पडायचं असतं. भाची दुपट्यातली असो की पोराबाळांची आई असो, वाकायचं मामाने. खेळताना, बसता-उठता तिला आपला पाय लागला, तर लगेच तिच्या पायाला हात लावून कपाळाला लावायचा. मुंबई-पुण्याकडच्यांना याचं हसू येतं. भाऊजींच्या घरच्यांनाही यायचं. मला नाही येत. लहानपणापासून आमच्या मामाला बघितलंय. पूर्वी मी दारात पाऊल टाकलं की ताई पोरींना म्हणायची, चला, पाय पुढे करा, मामा आला. पोरी खिदळायच्या. ताई गेल्यापासून ते सगळं राहूनच गेलं होतं.

मे महिना असावा. मी मोठीला बॉल काढून घ्यायला शिकवत होतो. बघायचं बॉलकडे, समोरच्याच्या पायांकडे नाही, वगैरे. बॉल सुटला आणि सोफ्याकडे गेला. उशीखालून एक पाय बाहेर आला, खाली टेकला, आणि तळव्याने बॉल थांबवला. अगदी शिकवला होता तसा. मोठी काही बोलणार तोच मी तिला डोळ्यांनीच दटावलं. मग दुसरा पाय खाली आला. धाकटी उभी राहिली आणि तिने बॉल आतल्या बाजूने माझ्याकडे ढकलला. म्हणजे इतके रविवार ही बया सगळं टिपत होती. मी परत दिला, तिने थांबवला, पुन्हा दिला. नंतर ती बॉल घेऊन उशांमधून निघाली, तोंड घट्ट मिटून, आणि मी खुळ्यासारखा हसत तिला आडवा गेलो. बॉल काढायला पाय घातला तो तिच्या घोट्याला लागला.

मी वाकलो. विचार करायला वेळच नसतो, अंगवळणी पडलेलं असतं. तिच्या पायाला हात लावला आणि कपाळाला नेला.

ती अशी किंचाळली की भाऊजी जिन्यावरून धावत खाली आले. धाकटी सोफ्यामागे शिरली होती, अंगातला स्वेटर गुडघ्यांवरून खाली ओढून पाय आत घेतले होते.

"आय ॲम नॉट डेड," ती म्हणत होती. "मामा, मी नाही मेली. माझे पाय नको टच करू."

आम्हा दोघांना काही कळेना. मग मोठी हळूच म्हणाली, तेव्हा इथेच सगळ्यांनी आईला तसं केलं होतं ना, म्हणून.

जानेवारीत ताईला याच खोलीत आणलं होतं, तासाभरासाठी. शवपेटी उघडी, ताई हिरव्या साडीत. माणसं रांगेने आली, वाकली, पायांना हात लावून पुढे गेली. शेवटचा मी. माझा हात निघाला आणि अंत्यविधीवाल्यांच्या काळ्या कोटातल्या माणसांनी झाकण लावलं. धाकटी कुणाच्या तरी कडेवरून बघत होती. तिला कुणी काही समजावलं नाही, लहान आहे म्हणून. तिने आपलं आपणच समजून घेतलं. पायांना हात लावतात, मग झाकण लावतात, मग घेऊन जातात. एवढे महिने ते लेकरू स्वतःचे पाय सांभाळत बसलं होतं, शाळेत, घरात, डॉक्टरकडे, आणि आम्ही तिला बूट घालायला जात होतो.

भाऊजी जिन्याच्या पायरीवर बसले आणि तोंड झाकून रडायला लागले. मी खाली कार्पेटवर बसलो. म्हणालो, तसं नसतं गं राणी, जिवंत माणसालाही करतात, लाडाने करतात. पण काय वेगळं होतं ते मला दाखवता येईना. तोच हात, तसंच वाकणं. शेवटी मी मोजे काढले आणि पाय पुढे केले. भाचीकडून नमस्कार घेणं आमच्याकडे पाप. असेना का पाप.

"माझ्या पायांना लाव हात," मी म्हटलं. "बघ, मला काही होत नाही."

मोठीने लगेच लावला. मी हात हलवून दाखवले, हसून दाखवलं.

धाकटी बऱ्याच वेळाने गुडघ्यांवर सरकत बाहेर आली. हात पुढे केला. माझ्या अंगठ्याजवळ तो थांबला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"नको," ती म्हणाली. "तू राहा."

मग तिने बाजूला पडलेले माझे मोजे चिमटीत उचलले आणि माझ्या पायांवर पसरून ठेवले, तिचं बोट कुठे लागणार नाही असे.