नवारचं नाणं

दमास्कसजवळच्या जरमाना उपनगराच्या मिनीबसमध्ये भाडं हातोहात पुढे जातं आणि सुटे तसेच हातोहात मागे येतात. उम्म नवार, म्हणजे नवारची आई, कायम मागच्या कोपऱ्यात बसायची. दमास्कसच्या बाजारात ती भरायची वांगी आतून कोरून द्यायची. मी तिच्याच गल्लीत शिवणकाम करते. बाई तोंडाची फटकळ, पण कुणाकडे बाळंतपण असो की मयत, सगळ्यांआधी हीच हजर.

तिचा नवार लढाईवर गेला तो परत आलाच नाही. मेल्याचाही निरोप नाही.

पुढे सरकारने फाटक्या नोटांच्या जागी पन्नास लिरांचं नाणं काढलं. त्यावर अनाम शिपायाचं स्मारक. चिकटपट्टीच्या नोटांना विटलेले आम्ही सगळे खूश झालो. उम्म नवारने मात्र ते नाणं आल्या पावली परत धाडलं.

"नोट दे मला!"

"अगं खाला, नाणं काय खोटं आहे?" ड्रायव्हर अबू हैसम करवादला.

"खोटं नसेल. पण माझ्या पोराला नाव आहे. हे घेतलं, तर मीच त्याला पुरल्यासारखं होईल."

त्या दिवसापासून तिच्यासाठी एक नोट आरशामागे खोचलेली असायची. वर "सासूनं एवढं छळलं नाही मला," हेही तो ऐकवायचा.

एका संध्याकाळी आरशामागे नोट नव्हती. नाणं मागे आलं, तिच्या शेजारी मी होते, मीच ते तिच्या हातावर ठेवलं आणि जीव मुठीत धरून बसले. बस लष्करी नाक्यावर तपासणीच्या रांगेत अडकलेली. तिने पिशवीतून वांगी कोरायची कोरणी काढली आणि नाणं गुडघ्यावर धरून खरवडू लागली. स्मारकाशेजारी वाकडीतिकडी अक्षरं उमटली: नवार.

"उद्याचं भाडं. पुढे द्या."

ज्याच्या हाती नाणं गेलं, त्याने ते नाव वाचलं. मला तर रडूच आलं.

"खाला, हे मी जपून ठेवतो," अबू हैसम म्हणाला.

"जपायला नाही दिलं, मेल्या! सुट्यांत दे कुणाला तरी. फिरू दे गावोगाव. माझ्या पोराला पाहिलेलं कुणीतरी असेलच ना?"

पुढच्या थांब्यावर एक कॉलेजची मुलगी चढली. अबू हैसमने सुट्यांत तेच नाणं तिला दिलं आणि म्हणाला, "पोरी, आधी नाव वाच. मग खर्च कर."