चर्चमागच्या हॉलची किल्ली

आमच्या सर्वधर्म संवाद गटात माझा शिरकाव झाला तो अक्षरामुळे. बँकेत बावीस वर्षं कारकुनी केलेली, त्यामुळे बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. दर तिसऱ्या शनिवारी दुपारी अंधेरीत चर्चमागच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जण जमायचो. चर्चचे म्हातारे फादर, मशिदीतले तरुण मौलाना आणि देवळाचे विश्वस्त काका ही आमची मुख्य मंडळी. फादर इथल्याच गावठाणातले, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षाही झणझणीत. चर्चा व्हायची, चहा-बिस्किटं व्हायची आणि मी लिहायचे, ‘ईश्वर एक आहे यावर सर्वांचे एकमत झाले.’ दोन वर्षांत हे एकमत वीसेक वेळा तरी झालं असेल.

एक गोष्ट मात्र मी त्या हॉलमध्ये कधी काढली नव्हती. तिथून दोन मिनिटांवरच्या बाजारात माझी आई मासे विकते. लाज वाटायची, हे लिहायला आज जीव जड होतो, पण वाटायची. आई कोळीण आहे हे लपवून मी तिथे माणसांच्या समानतेचं इतिवृत्त सुवाच्य अक्षरात लिहीत होते.

मग आई आजारी पडली. लघवीचा जंतुसंसर्ग, तोही वर्षभरात तिसऱ्यांदा. तापाने फणफणलेली, कंबर धरून बसलेली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले आणि फटकारलंच. “किडनीवर सूज आहे. भरपूर पाणी प्यायचं म्हणजे प्यायचं. पुढच्या वेळेला गोळ्यांवर भागणार नाही.”

घरी आल्यावर मी आईवर ओरडले, पाणी प्यायला काय धाड भरते तुला? ती शांतपणे म्हणाली, “पानी पिईन गो, पन मंग जाऊ कुठं?”

पहाटे चारला कपभर चहा घेऊन ती लिलावाला निघते. त्यानंतर दुपारी दोनला घरी येईपर्यंत तोंडात थेंब नाही. बाजारातल्या शौचालयाला कधीपासून कुलूप आहे. तिच्या शेजारी बसणाऱ्या सगळ्याच जणींचं असं. जन्मभर या बायकांनी तहान मारली आणि मला, तिच्या पोटच्या पोरीला, पंचेचाळीस वर्षांत याचा पत्ता नव्हता. मला स्वतःचा असा राग कधी आला नव्हता.

पुढच्या बैठकीचा विषय होता ‘धर्म आणि सामाजिक न्याय’. काका अन्नदानाचं महत्त्व सांगत होते. मी पेन खाली ठेवलं.

“माझी आई इथे बाजारात मासे विकते,” मी म्हणाले. “ती दहा तास पाणी पीत नाही, कारण तिला लघवीला जायला जागा नाही. आपण मात्र चहा ढोसतो आणि या हॉलच्या बाथरूममध्ये जाऊन येतो. आता बोला न्यायावर!”

आवाज जरा जास्तच चढला होता. मग काकांनी हळूच विचारलं, “कोपऱ्यावर बसते ती? ओले बोंबील असतात तिच्याकडे?”

“हो.”

“अहो, मी किती वर्षं तिच्याकडूनच नेतो! दर बुधवारी.” हे बोलून गेल्यावर त्यांचे कान लाल झाले. मग म्हणाले, “पण देवळात बाकीचे विश्वस्त मासळीच्या हातांनी आत येऊ देणार नाहीत. खोटं कशाला बोलू?”

मौलाना म्हणाले, “हमारे यहां लेडीज का इंतजाम नहीं. पण प्यायचं पाणी रोज सकाळी मी पाठवतो, पक्का.”

फादरांनी खिशातून हॉलची किल्ली काढली आणि माझ्या वहीवर ठेवली.

मी हवेत. दुसऱ्या दिवशी आईला किल्ली दिली, तिने ती बाजारात आपल्या बसायच्या जागेमागच्या खिळ्याला अडकवली. मशिदीतून पाण्याचा कॅन येऊ लागला. पंधरा दिवस झाले तरी किल्ली खिळ्यावर आणि कॅन भरलेला. मेरीमातेला आम्ही कोळी मोतमाऊली म्हणतो. विचारलं तर आई म्हणते, “मी मोतमाऊलीला मेनबत्ती लावतंय, नि तिच्याच दारात मुतायला जाऊ? पाप लागंल.” शेजारणींनीही माना डोलावल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत सांगितलं, तर सगळ्यांना समजावून सांगायचा हुरूप आला. कुणी पत्रक काढू म्हणालं, कुणाला श्लोक आठवला. फादर म्हणाले, “बुधवारी बाजारात जाऊ. काका नाहीतरी जातातच.”

बुधवारी दहाच्या सुमारास फादर, मौलाना आणि काका असे तिघे आईपुढे उभे, मी त्यांच्या मागे. आईने गडबडीने डोक्यावर पदर ओढला. फादर कुरकुरत्या गुडघ्यांनी तिच्यासमोर उकिडवे बसले.

“बाय, माझं वय अठ्ठ्याहत्तर. मला दिवसातून आठदा जावं लागतं. त्याच आवारात जातो मी. माऊलीनं अजून मला हाकललं नाही, तुला कशाला हाकलंल?”

अख्खी रांग खो खो हसली. आई तोंडाला पदर लावून हसली. आजारपणानंतर प्रथमच ती अशी हसत होती. मौलानांनी कॅनमधून पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. “अम्मा, लो.” काका म्हणाले, “मावशी, पाटी मी बघतो. तुम्ही जाऊन या.” आणि देवळाचे विश्वस्त खरोखरच पाटीमागे बसून बोंबलांवरच्या माश्या हाकू लागले.

आईने माझ्याकडे पाहिलं. एक पेला संपवला, पुन्हा पुढे केला, दुसराही संपवला. मग हात पुसून तिने खिळ्यावरची किल्ली काढली आणि चर्चच्या दिशेने चालू लागली. मी भर बाजारात रडले. या तीन माणसांचे उपकार मी कसे फेडणार आहे, देव जाणे. तेव्हापासून किल्ली खिळ्यावर क्वचितच दिसते, एकीच्या हातून दुसरीच्या हातात फिरत असते. आईला पुन्हा ताप आलेला नाही.

त्या महिन्याचं इतिवृत्त मी असं लिहिलं, ‘ईश्वर एक आहे की कसे, यावर चर्चा झाली नाही. बुधवारी सकाळी दहा वाजता, बाजारात मासे विकणारी माझी आई दोन पेले पाणी प्यायली.’

तिघांनीही खाली सह्या केल्या.