पाव मिलिमीटर

कानसमामांना सकाळपासून चैन पडत नव्हती. चहा दोनदा गार झाला. चष्मा डोक्यावर ठेवून त्यांनी टूलरूमभर चष्माच शोधला. हजेरीच्या वेळी कुणीतरी सहज म्हणालं होतं, "मामांच्या नव्या फिक्स्चरवर दोन महिन्यांत एकही बोल्ट नापास नाही!" सगळे खूश झाले आणि मामांना नेमकं तेच खटकलं.

माणूस कामाला वाघ. चौतीस वर्षं फिटर. शिकाऊ असताना पत्र्याच्या धारेने डावी करंगळी कापली, ती पुन्हा वाकलीच नाही. तेव्हापासून हातात येईल त्याची धार कानशीने घासून मोडायची, हा त्यांचा पण. घरातल्या टेबलाचे कोपरे, डब्यांची झाकणं, दाराची कडी, कशालाही त्यांनी सोडलं नव्हतं. मामी म्हणायच्या, "नशीब माझं, जिभेपर्यंत यांची कानस पोचली नाही."

हे फिक्स्चर होतं बोल्ट तोडून बघायचं. दोन जाड पट्ट्यांतून बोल्ट आरपार घालायचा, मधलं पातं मशीनने दाबायचं आणि बोल्ट किती जोराला कापला जातो ते पाहायचं. भोकं, फटी, जाडी, मामांनी सगळं केसभरही न चुकता जुळवलं. ड्रॉइंगमध्ये भोकाच्या कडेशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, गोलाई पाव मिलिमीटरहून जास्त नको. खाली, दर ड्रॉइंगवर असते ती छापील सूचना होती, सगळ्या धारा अर्धा मिलिमीटर मोडाव्यात. मामांनी दोन्ही वाचलं. पाव लिहिणाऱ्याचा हात कधी कापला नसणार, असं म्हणून त्यांनी कानस उचलली.

जेवणाच्या सुट्टीआधी भाची आली. मामांची सख्खी भाची, चाचणीच्या खोलीत कामाला. तिच्या हातात तेच ड्रॉइंग होतं.

"मामा, कड मी मोजली. अर्धा मिलिमीटर आहे. बोथट कडेवर बोल्ट धड कापला जात नाही, आधी वाकतो. आकडा फुगतो, कच्चा बोल्टही पास होतो."

"मोडलेल्या धारेने आजवर एकाचाही हात कापला नाही," मामा उसळले.

"हे बोल्ट लिफ्टला लागणार आहेत. तिथे हात नसतो मामा, अख्खा माणूस असतो."

बाहेर त्याच बोल्टांचा ट्रक भरत होता. भाचीने आवाज खाली आणला. "तुझी नजर अधू झालीये, ती ओळ दिसली नाही, असं लिहिते. कोणी जास्त विचारणार नाही."

मामांना तिचा राग आला, ओळ लिहिणाऱ्याचा आला आणि मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यांना तिथे उभं राहवेना. ते तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"ट्रक थांबवा. कड मी जास्त मोडलीये. ओळ मला दिसली होती, वाचूनही मोडली."

साहेबांनी जे सुनावायचं ते सुनावलं. ट्रक उतरवला गेला. दुपारभर मामांनी पट्ट्या आणि पातं घासून कडा पुन्हा धारदार केल्या. सवयीने हात चारदा कानशीकडे गेला. शेवटी ती त्यांनी भाचीकडे देऊन टाकली. "तुझ्याकडे ठेव. माझा हात गप्प बसायचा नाही."

ट्रकमधली पेटी फोडून चाचणी सुरू झाली. दोन बोल्ट पास झाले. तिसरा मर्यादेच्या खालीच तुटला. पाचवाही.

तुकडे काढताना भाचीचं बोट पट्टीच्या कडेला लागलं आणि भळकन रक्त आलं. मामा धावले. रुमालाची गाठ मारताना ताठ करंगळी मध्ये येत होती. त्यांची नजर तिच्या कोटाच्या खिशातून डोकावणाऱ्या कानशीवर गेली. भाचीने दुसरा हात खिशावर ठेवला.

मामांनी गाठ घट्ट केली.

"सहावा लाव," ते म्हणाले.