चिक्कीच्या भट्टीवरची करी

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. सातवीतून शाळा सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जिथं पडेल तिथं पडेल. शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात कामाला आहे. भाजलेले शेंगदाणे चोळले की सालं उडतात. कितीही झाडा, संध्याकाळी कोपऱ्यात ढीग असतोच. आमच्याकडचे किस्सेही तसेच साठतात. एकट्या करीचेच सूपभर निघतील.

आम्ही चौघं. गुळाच्या पाकावर कुसगावचे आबा. तीस वर्षं पाक बघून त्यांना वाटतं, जगातली कुठलीही गोष्ट पाकासारखीच तपासावी. कामशेतचा गणपत चिक्की लाटतो आणि तोंड चालवतो. सरूमावशी वरच्या वाडीवरून येते, चिक्की कापून कागदात बांधते. चौथा मी, सदा, कान्ह्याचा. शेंगदाणे भाजतो आणि गप्प असतो.

*

सुरुवात एका ट्रक ड्रायव्हरनं केली. आमचा माल मुंबईला नेणाऱ्या त्या माणसाला मुलगा झाला. त्या खुशीत त्यानं आम्हाला मुंबई रस्त्यावरच्या पंजाबी हॉटेलात नेलं आणि कोंबडीची करी खाऊ घातली. दाट, लालसर, वर तुपाचा तवंग. असलं काही आम्ही जन्मात खाल्लं नव्हतं.

आबांनी ताटली बोटानं पुसून घेतली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "ह्यात खोबरं न्हाई."

आमचे हात थांबले. सरूमावशी म्हणाली, "कायतरीच आबा. खोबरं न्हाई तर रस्सा उभा कशावर ऱ्हाईल?"

"त्येच तर शोधायचं हाय," आबा म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या सगळ्या सुट्ट्या नासल्या.

*

पहिली करी आम्ही कारखान्याच्या मागं, मोडीत काढलेल्या कढईत केली. शेठ कोंबडीला शिवत नाहीत, म्हणून ही गोष्ट आमच्यातच राहू द्या.

आबा चुलीपुढं बसले. शेजारी गार पाण्याची वाटी. पाक झाला का हे बघायला त्याचा थेंब पाण्यात टाकतात आणि गोळी होते का बघतात. आबांनी रश्शाचा थेंब टाकला. तो विरघळून गेला.

"गोळी व्हईना. अजून झाली न्हाई."

"आबा, रश्शाची कुटं गोळी व्हती?" गणपत म्हणाला.

"तू लाटणं बघ."

मग दाटपणासाठी शेंगदाण्याचं कूट पडलं. पुन्हा थेंब. पुन्हा कूट. वरून चवीला थोडा गूळ, कारण हात सवयीनं तिकडंच जातो. तासाभरानं आबा खूश झाले. गोळी झाली होती.

कढई खाली उतरवून भाकरी येईपर्यंत करी थंड झाली. डाव घातला तो उभाच राहिला. सरूमावशी शांतपणे उठली, कापायची सुरी घेऊन आली आणि म्हणाली, "चौकोनी कापू का लांबट?"

*

दुसऱ्या वेळी गणपत हॉटेलात हेरगिरी करून आला. म्हणाला, रंग घालतात. आमच्याकडं जेलीचा लाल रंग असतो, शेठ दुकानात चिक्कीबरोबर इथंच केलेली जेलीही ठेवतात. गणपतनं बाटली उपडी केली. रंग झकास आला. वाफ आली तेव्हा कळलं की त्या रंगात गुलाबाचा अर्कही असतो.

आम्ही चौघं कढईभोवती बसलो. कोणी हात पुढं करेना. सरूमावशीनं वास घेतला, पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "कोंबडी कोन्या गावाला दिली?"

खाल्ली मात्र सगळी. दोन दिवस आमच्या जिभा लाल होत्या. शेठ म्हणाले, कामावर पान खायचं नाही. आम्ही माना डोलावल्या.

*

आता माझी गोष्ट, कारण पुढचं तिच्यावाचून कळायचं नाही.

कामशेतच्या सखारामभाऊंची मुलगी शेवंता मला दाखवली होती. सखारामभाऊ तांदळाच्या गिरणीत कामाला. मी पोहे खाल्ले, चहा प्यालो, तासभर जमिनीकडं बघितलं. शेवंतानं कप उचलताना हळूच सांगितलं, "शर्टाचं बटण चुकीच्या काजात हाय." मला ती तिथंच आवडली. पण हे मी घरीसुद्धा बोललो नाही.

आठवड्यानं सखारामभाऊंनी गणपतला गिरणीत गाठलं. "तुझा दोस्त मुका हाय का रं? तसं असंल तर आत्ताच सांग, मी दुसरीकडं बघतो."

गणपतला मला वाचवायचं होतं. म्हणाला, "तोंडानं कमी हाय भाऊ, पन हाताला चव हाय. पंजाबी हॉटेलातली करी घरी करतो. अगदी तश्शी."

सखारामभाऊंनी ती करी तांदळाच्या ट्रकबरोबर जाताना दोनदा खाल्लेली. ते म्हणाले, "मग ऐतवारी कान्ह्याला येतो. करी तशी असंल तर पोरगी दिली. नसंल तर तू थापाड्या आन तो मुका, दोगंबी माझ्या दारात नगा."

*

रविवारी सकाळी आबा आणि सरूमावशी आमच्या घरी कान्ह्याला आले. आबांनी पाण्याची वाटी बरोबर आणली होती. मावशीनं ती काढून घेतली. गणपतचा पत्ता नव्हता.

आबांनी कांदा भाजायला घेतला आणि आईशी मावळातल्या भातावर बोलत बसले. कांद्याचा कोळसा झाला. तेवढ्यात आईनं बाहेर बघितलं. "पावनं आलं."

मी चुलीपुढं बसून होतो. शेवंता हातची गेली, असं मनात म्हणालो.

मागच्या दारानं गणपत आत शिरला. हातात दुधाची किटली. लोणावळ्याहून गाडीनं, मांडीवर धरून आणलेली. झाकण काढलं आणि घरभर पंजाबी हॉटेल पसरलं. मावशीनं किटली आमच्या पातेल्यात ओतली आणि माझ्या गालाला थोडी राख लावली.

सखारामभाऊ जेवायला बसले. पहिल्या घासाला थांबले. "कांदा किती भाजला?"

मी जमिनीकडं बघितलं. जन्मात पहिल्यांदा माझा लाजरेपणा कामाला आला.

"त्येच्या हातचं गुपित हाय, तो सांगायचा न्हाई," आबा म्हणाले.

सखारामभाऊंनी दोनदा वाढून घेतलं. हात धुतला, माझ्या गालाची राख बघितली आणि हळू आवाजात बोलले, "शेवंताची आई गेली तवा ती आठ वर्सांची हुती. तवापासनं चुलीपुढं हाय. येकच म्हनली, बाबा, आठवड्यातनं येक दिस मला बसवून वाढंल असा मानूस बघा." मग उपरण्यानं तोंड पुसलं. "तर ठरलं. दर ऐतवारी ती बसनार आन तू ही करी वाढनार. कबूल?"

गणपत छताकडं बघत होता. आबांनी रिकामी किटली पायानं मागं सरकवली. मावशी माझ्याकडं बघत होती.

"व्हय," मी म्हणालो. घरातले सगळे दचकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं लोणावळ्याला गेलो. कारखान्याकडं वळलो नाही. पंजाबी हॉटेलच्या मागच्या दाराशी तिथला आचारी कांद्याचं पोतं सोडत होता.

"क्या चाहिए?" त्यानं विचारलं.

मी चप्पल काढली, त्याच्या शेजारी बसलो आणि पहिला कांदा सोलायला घेतला.